गाण्यांखालचं लग्न

नवं मशीन घ्यावं की जुन्यावर भागवावं, हे विचारायला आमच्या घरी अजून माणसं येतात. मला कोणी विचारत नाही. विचारतात ते आमच्या ह्यांना, म्हणजे लोटन पाटलांना. पाचोऱ्यात आमच्या गल्लीत पहिला रंगीत टीव्ही कोणाचा, पहिला व्हीसीआर कोणाचा, या सगळ्याचं उत्तर एकच आहे म्हणून. खत-बियाण्याचं दुकान बरं चालतं, गिरणाकाठी कपाशी होते, आणि या दोन्हींतून जे येतं त्याला वाट काढून द्यायला बाजारात रोज काहीतरी नवं येतं.

माझं काम कव्हर शिवायचं. लाकडी दारांच्या टीव्हीला मी जुन्या पडद्याचं कव्हर शिवलं. तो जाऊन रंगीत आला, त्याला झालरीचं शिवलं. मग नुसती कॅसेट दाखवणारं मशीन आलं. त्याच्यावर रेकॉर्ड होत नाही म्हणून वर्षाच्या आत व्हीसीआर आला. त्यावर ह्यांनी काय रेकॉर्ड केलं, तर बातम्या. त्या पुन्हा कधी पाहिल्या नाहीत, हे सांगायला नको. जुनं झालेलं सगळं ह्यांच्या चुलतभावाकडे, नथ्थूभाऊंकडे जायचं. आमचं मागच्या वर्षीचं घर कसं होतं ते कोणाला बघायचं असेल तर त्याने सरळ नथ्थूभाऊंच्या बैठकीत जाऊन बसावं.

शहाण्णव सालच्या दिवाळीनंतर हे मुंबईला गेले आणि टेम्पो घेऊन परत आले. नवा व्हीसीआर, त्याच्याखाली ठेवायचं एक जड मशीन, एक भलामोठा धमधम करणारा खोका आणि पाच स्पीकर. याला होम थिएटर म्हणतात, असं ह्यांनी गल्लीत तरी सांगितलं. पुढचे तीन स्पीकर टीव्हीभोवती बसले. मागचे दोन कुठे लावायचे यावर दोन दिवस गेले. एक शेवटी देवघराच्या वर लागला आणि एक धान्याच्या कोठीवर. धमधम करणारा खोका लोणच्याच्या बरण्यांच्या फळीखाली गेला. तो वाजला की बरण्यांची झाकणं आपोआप वाजायची.

"अगं, याच्यात आवाज नुसता पुढून येत नाही," हे मला सांगत होते, "मागूनही येतो."

"आपल्या मागून बोलणारे काय कमी आहेत, की त्यांच्यासाठी मुंबईहून मशीन आणलं?"

"तुला त्यातलं कळत नाही," हे म्हणाले. रिमोटचं प्लास्टिक ह्यांनी काढलं नाही आणि रिमोट कोणाच्या हाती दिला नाही.

मला त्यातलं कळत नव्हतं हे खरं. मला त्या दिवसांत एकच गोष्ट कळत होती. आमची कोकिळा. बी.एस्सी., बी.एड. करून आम्ही तिला शिंदखेडा तालुक्यात, नरडाण्याजवळच्या गावात दिली. लग्नाला तीन वर्षं झाली होती. नवरा अभिमन शेती बघतो, स्वभावाने गरीब. सासरे धनसिंगआबा कमी बोलणारे. सासू झुंबरबाई अंगाने आणि आवाजाने दोन्हीकडून भरपूर. पोर सुखात होती, पण तिला शिकवायचं होतं. लहानपणी ती गोठ्याच्या भिंतीवर कोळशाने बेरजा लिहून वासरांना शिकवायची, तेव्हापासूनचं तिचं ते एकच वेड.

सासरी नोकरीचा विषय निघाला की धनसिंगआबा म्हणत, "देखसूत." म्हणजे बघू. तीन वर्षं ते बघतच होते. मी ह्यांना म्हणायची, तुम्ही एकदा त्यांच्याशी बोला. हे सुस्कारा सोडून म्हणायचे, "मंडळी जुन्या वळणाची आहेत गं. मी लग्नातच विषय काढला होता. आपण मुलीकडचे, किती बोलणार?" मग मी व्याह्यांच्या नावाने बोटं मोडायची आणि कोकिळेला धीर धर म्हणायची.

त्या वर्षी नरडाण्याच्या शाळेतले विज्ञानाचे सर बदलून गेले आणि हेडमास्तरांनी स्वतः होऊन कोकिळेला निरोप पाठवला. संक्रांतीपर्यंत कळवा, नाहीतर दुसरं कोणी घेऊ. कोकिळेने मला चिठ्ठी नाही लिहिली, फोन केला, पोस्टातून, आणि फोनवर ती रडली. ती सहसा रडत नाही.

"आता तुम्ही बोललंच पाहिजे," मी ह्यांना सांगितलं. "या खेपेला नाही बोललात तर पोरीचं आयुष्य चुलीपाशी जाईल आणि मी तुम्हाला जन्मभर ऐकवीन."

"बोलतो ना! पण रीतीने बोलू. त्यांना जेवायला बोलावू, थिएटर दाखवू. माणूस खूश झाला की काम होतं."

पोरीच्या नोकरीसाठी व्याह्यांना पाच स्पीकर ऐकवायचे, ही ह्यांची रीत. पण बोलतो म्हणाले हेच मला पुष्कळ होतं. मी भरताचा बेत ठरवला. हिरवी लांब वांगी आली, मळ्यात कपाशीच्या वाळल्या काड्यांचा जाळ केला, वांगी भाजली, लाकडी बडगीत हिरव्या मिरचीबरोबर ठेचली. कांद्याची पात, शेंगदाणे, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, पुऱ्या. कळण्याची भाकरी झुंबरबाईंना जीव की प्राण. माझ्याकडून मी काही बाकी ठेवलं नाही.

जेवणं झाली आणि सगळे बैठकीत बसले. धनसिंगआबा, झुंबरबाई, अभिमन, कोकिळा. आमच्याकडून नथ्थूभाऊ, ह्यांना पुढे-मागे कोणीतरी वाहवा करणारं लागतं म्हणून. मी दारात उभी राहून ह्यांना डोळ्याने खुणावत होते, आता बोला. ह्यांनी रिमोट उचलला.

आधी एक इंग्रजी सिनेमा लागला. त्यातलं हेलिकॉप्टर देवघरावरून निघून कोठीवर गेलं. बरण्यांची झाकणं नाचली. झुंबरबाईंनी कानावर पदर घेतला.

"हाई काय शे लोटनभाऊ? घरमा इमान कसाले?"

"विमान नाही, आवाज आहे, विहीणबाई. आवाजाची गंमत आहे," हे म्हणाले. "थांबा, तुम्हाला ओळखीचं लावतो. आपल्या पोरांचं लग्न लावतो."

लग्नाच्या कॅसेटची एक गोष्ट आधी सांगायला हवी. शूटिंगसाठी ह्यांनी भुसावळचा रुपचंद मुद्दाम ठरवला होता, कारण त्याचा कॅमेरा दुबईहून आलेला, सगळ्यांत नवा. रुपचंदने लग्न शूट केलं आणि वरून आख्ख्या कॅसेटभर सिनेमाची गाणी टाकली. हळदीला एक गाणं, वरातीला एक, पोरगी निघाली तेव्हा रडकं. माणसांची तोंडं नुसती हलतात आणि बाई गात असते. सगळ्यांच्या कॅसेटी तेव्हा अशाच असत. ह्यांची त्या कॅसेटवर एकच तक्रार होती, की मुलीच्या बापाला यात कुठेच दाखवलं नाही. तीन वर्षं हे रुपचंदला त्यावरून टोचून खात होते. रुपचंद बिचारा म्हणायचा, पाटील, तुम्ही दिवसभर माझ्या पाठीशी उभे होतात, तुम्हाला घेऊ कसं?

तर कॅसेट लागली. मांडव दिसला, पण गाणं येईना. त्याऐवजी मांडवातला कलकलाट आला. भांड्यांचा आवाज, बँडचा लांबून आवाज, कोणाचं तरी पोर रडतंय. आपण खरंच त्या मांडवात जाऊन बसलोय असं वाटलं. ह्यांनी रिमोटची दोन-चार बटणं दाबली.

"गाणी कुठे गेली?"

रुपचंदने नंतर समजावलं ते असं. कॅसेटच्या कडेला आवाजाची एक बारीक पट्टी असते. जुनं मशीन फक्त तीच वाचतं, आणि गाणी त्याने त्या पट्टीवर भरली होती. पण त्याच्या भारी कॅमेऱ्याने लग्नातला खरा आवाज चित्राच्या पोटात वेगळा साठवला होता, तो पुसला गेलाच नव्हता. तो वाचायला नवं, भारी मशीन लागतं. पाचोऱ्यात तसं मशीन कोणाकडेच नव्हतं. आता आमच्याकडे होतं.

पाचही स्पीकरमधून एकदम, स्वच्छ, अगदी कानाशी बोलल्यासारखा आवाज आला. ह्यांचा.

"रुपचंद, फ्रीज घे. दार उघडून घे, आतला दिवा दिसला पाहिजे. आता सोफा. सोफ्यावरून त्या म्हातारीला उठव आधी."

सगळे हसले. हेही हसले. "माझाच आवाज! बघा, किती स्वच्छ येतो!" कॅसेटमध्ये आपण एकदाचे सापडलो याचा ह्यांना आनंदच झाला.

"आता हे आहेराचं राहू दे," पडद्यामागचे हे पुढे म्हणाले. "ही मंडळी स्टीलचं ताट घेऊन आलीत आणि घरदार जेवून चाललीत. यांच्यावर कॅसेट वाया घालवू नको. अन् नथ्थूभाऊला मागे घे. त्याच्या अंगात कोट माझा आहे, लोक ओळखतील."

नथ्थूभाऊंच्या हातातला पानाचा विडा हातातच राहिला. तो कोट त्यांनी त्या दिवशीसुद्धा घातला होता.

ह्यांनी घाईने बटण दाबलं. आवाज वाढला.

"विहिणीला बाजूने घे, रुपचंद. समोरून घेतली तर नवरी झाकली जाते."

अभिमन खाली बघून पायाचा अंगठा घासत होता. मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. भरीत गेलं, कळणा गेला, पोरीची नोकरी गेली. मी मनातल्या मनात ह्यांना ज्या शिव्या दिल्या त्या इथे लिहिता येणार नाहीत. झुंबरबाई मात्र सुपारी चघळायची थांबून टीव्हीकडे बघत होत्या आणि ह्यांच्याकडे बोट करून म्हणाल्या, "बंद नका करू. आते माले बठ्ठं ऐकनं शे."

पडद्यावर पंगत आली. कॅमेरा लाडूंच्या ताटावर होता आणि त्याच्यामागे धनसिंगआबांचा आवाज आला, शांत, त्यांचा असतो तसा.

"लोटनभाऊ, सून नोकरी करसू म्हनस. नरडाणानी शाळामा जागा निंघतस. आमनी काही ना नही. तुमनं काय म्हननं शे?"

मी दाराची चौकट धरली.

"नही आबा, नही!" हा ह्यांचा आवाज, लोण्यासारखा मऊ. व्याह्यांशी बोलताना हे दुकानातली मराठी सोडून गावचं बोलतात. "ते तिनी मायनं खूळ शे. पोर तुमना घरमा दिधी, आते नोकरी कसानी? लोक म्हनतीन, लोटन पाटील पोरनी कमाईवर नजर ठेवस. मना शब्द शे तुमले. तुम्हीन ती गोष्टच काढू नका."

"बरं. तुमना शब्द, मंग काय," आबा म्हणाले. आणि लगेच ह्यांचा मूळ आवाज, "ए रुपचंद, छताच्या पंख्याचं घेतलं का रे? माझं नाव लिहिलंय त्याच्यावर, ते दिसू दे."

तीन वर्षं. तीन वर्षं मी त्या गरीब माणसाच्या नावाने बोटं मोडली. घरात, देवळात, शेजारणीपाशी. आणि लोकांनी काही म्हणू नये म्हणून पोरीच्या पोटावर पाय देऊन हा बाप पंख्यावरचं नाव दाखवत होता, आणि घरी येऊन माझ्यापुढे सुस्कारे सोडत होता. मला राग आला म्हणणं कमी होईल.

हे रिमोटवरचं प्लास्टिक ओरबाडत होते, पण बटण काही सापडत नव्हतं. तोवर पडद्यावर पोरगी निघाली. गाणं असायचं तेव्हा या जागी सगळे डोळे पुसायचे.

"थांब, थांब, हॅलोजन गेला!" पडद्यामागून हे ओरडले. "कोकिळे, आत्ताच रडू नको. थांब. वायर जोड रे. हां, आला. आता रडा."

पडद्यावरची कोकिळा थांबली होती. डोळे पुसून, माझा हात धरून, गुमान उभी. मग दिवा आला आणि ती पुन्हा माझ्या गळ्यात पडली. मला आठवलं, मला तेव्हा वाटलं होतं पोरीला दुसऱ्यांदा भरून आलं. तिचं तोंड माझ्या खांद्याशी होतं आणि कॅमेरा अगदी जवळ होता.

"आई," ती म्हणत होती, "बाबांनी नोकरीचं सांगितलं ना त्यांना?"

"हो गं बाई, सांगितलं," मी म्हणत होते. "मला म्हणाले, बोललो म्हणून. तू काळजी करू नको."

आणि कॅमेऱ्यामागे उभं राहून हे सगळं ऐकणारा माणूस म्हणाला, "छान. रडणं एकदम छान आलं."

ह्यांना एकदाचं बटण सापडलं. चित्र थांबलं. देवघराकडे बघत हे म्हणाले, "मशीनमध्ये काहीतरी बिघाड आहे. असले आवाज यायला नकोत."

"बिघाड कसला, लोटन," नथ्थूभाऊ म्हणाले. त्यांनी कोट काढून घडी घालून ह्यांच्या शेजारी ठेवला. "पाचही डब्यांतून तूच बोलतोयस."

कोकिळा उठली. तिने ह्यांच्या हातातून रिमोट घेतला. ह्यांनी कधी कोणाला तो हात लावू दिला नव्हता, पण त्या वेळी तो सुटला. तिने कॅसेट मागे नेली, फार मागे नाही, पंगतीपर्यंत. आणि पुन्हा लावली. धनसिंगआबांनी पुन्हा विचारलं, आमनी काही ना नही, तुमनं काय म्हननं शे? बापाने पुन्हा सांगितलं, ते तिनी मायनं खूळ शे. ती उभ्याने ऐकत होती, बापाकडे बघत. ह्यांना तोंड लपवायला जागा नव्हती. डावीकडे वळले तर स्पीकर, उजवीकडे वळले तर स्पीकर, आणि मागचे दोन मागे होतेच.

तिने कॅसेट थांबवली आणि सासऱ्यांना विचारलं, "आबा, तुमनी ना नव्हती?"

"मनी ना कव्हयच नव्हती, बेटा," आबा म्हणाले. त्यांना फार वाईट वाटलेलं दिसत होतं. "तुना बापना शब्द मी कसा मोडू? मी समजनू, तुमना घरनंच आसं म्हननं शे. तू इचारस आन मी देखसूत म्हनस. तूच दोन दिवसमा इसरी जाशी, आसं माले वाटे."

"आते मोडा तो शब्द," झुंबरबाई म्हणाल्या. त्या उठल्या. त्यांना उठायला वेळ लागतो. त्या कोकिळेच्या पुढे जाऊन उभ्या राहिल्या, आणि खरं सांगायचं तर कोकिळा खरंच दिसेनाशी झाली.

"मी रुंद शे ना, लोटनभाऊ? मना आड नवरी दिखस नही ना? मंग चांगलंच शे." आणि मागे वळून सुनेला म्हणाल्या, "तू शाळामा जाय माय. तुना पुढे मी उभी शे. कोन आडा येस ते मी देखस."

हे काहीतरी पुटपुटले. सगळ्यांच्या देखत मी ह्यांना पहिल्यांदा म्हणाले, "आता तुम्ही गप्प बसा. तुमचं बोलून झालंय. दोनदा झालंय."

संक्रांतीनंतर कोकिळा शाळेत हजर झाली. आता नववीला विज्ञान शिकवते. अभिमन तिला मोटारसायकलवर सोडायला जातो आणि झुंबरबाई गावभर सांगतात, आमनी सून मास्तरीन शे. नथ्थूभाऊ अजून आमच्याकडे येतात, पण कोट घालत नाहीत. मी व्याह्यांच्या घरी जाऊन आले. आबांना काही सांगितलं नाही, नुसता लाडवांचा डबा ठेवला. ते म्हणाले, कसाले आनं? मी म्हटलं, असंच.

ह्यांनी आठवडाभरातच नथ्थूभाऊंकडून जुना व्हीसीआर परत मागून आणला. आता लग्नाची कॅसेट लावली की पुन्हा बाई गाते, तोंडं नुसती हलतात, सगळं गोड. कोणी विचारायला आलं की हे सांगतात, "नवं काही घेऊ नका. जुनंच बरं. नव्यात आवाज फार येतो." ऐकणाऱ्याला वाटतं, अनुभवी माणूस आहे, त्याला तांत्रिक काहीतरी माहीत असेल. आतून मी ओरडून सांगते, "घ्या हो! अवश्य घ्या! प्रत्येक घरात एक पाहिजे!" हे खाकरतात आणि खताच्या भावाचं बोलू लागतात.

पाच स्पीकर जागच्या जागी आहेत. परवा ह्यांनी जरा घुटमळत विचारलं, "याला कव्हर नाही शिवलंस ते? सगळ्यांना शिवलंस. धूळ बसते. जाडसर शिव, आणि वर एखादी नाडी लाव, म्हणजे कोणी उघडणार नाही."

"कापड नाही," मी म्हटलं.

कोकिळेने पहिल्या पगारातून आणलेलं जांभळं कापड तेव्हा शिलाई मशीनवर माझ्यापुढेच पसरलेलं होतं. ह्यांनी ते पाहिलं. मी मान वर न करता माझ्या ब्लाऊजची बाही बेतत राहिले.